खोट्या चित्राचा फटका खऱ्याला

मी खारदांड्याहून बोलतेय, बचतगटांची समन्वयक.

बाजारात एखादीने शिळी सुरमई ताजी म्हणून विकली, तर फसतं एकच गिऱ्हाईक. पण दुसऱ्या दिवशी ते शेजारणीच्या ताज्या मासळीचेही कल्ले उघडून बघतं आणि भाव पाडून मागतं. चित्रांच्या बाजारातही असंच होतं.

सय्यद हैदर रझा हे मोठे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे फ्रान्समध्ये राहिले. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला ते गेले. बघतात तर बरीच चित्रं त्यांची नव्हतीच! प्रदर्शन बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी लंडनच्या लिलावात त्यांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र सोळा कोटींहून जास्त रुपयांना गेलं. एवढा पैसा दिसतो, म्हणून नकला होतात.

रझा तेव्हा हयात होते, म्हणून खोटं लगेच कळलं. चित्रकारच नसेल तर? मग गिऱ्हाईक कागद मागतं. चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं, पावती आहे का, जाणकार काय म्हणतात? कागद नसलेलं खरं चित्रही पडून राहतं, नाहीतर स्वस्तात जातं. म्हणजे लबाडी एकाची आणि खरेपणा सिद्ध करायचा खर्च दुसऱ्याचा.

हे फक्त कोटींच्या चित्रांचं नाही. वारली चित्रं मुळात लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढायच्या. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी छापील माल हातचा म्हणून विकला जातो. हाताने काढणारीला चित्राला दिवस लागतो, आणि गिऱ्हाईक तिला छापील मालाचा भाव सांगतं.

गेल्या दिवाळीत आमच्या गटातही मोह झाला. ऑर्डर मोठी होती, वेळ कमी. एकजण म्हणाली, “थोड्या छापील पिशव्या मिसळू, कोणाला कळतंय?” बराच वाद झाला. शेवटी छापील पिशव्या वेगळ्या ठेवल्या, तशी चिठ्ठी लावली, किंमतही कमी ठेवली. नफा थोडा घटला. पण हाताने रंगवलेल्या पिशवीचा भाव आम्हाला पाडावा लागला नाही.

तुम्हीही एवढं करा. वस्तूच्या मागे करणारीचं नाव, गाव, तारीख लिहा. फोटो काढून ठेवा. पावती द्या आणि गटाच्या वहीत नोंद करा. उद्या कोणी शंका घेतली, तर ती वही उघडून दाखवता येईल.