बॅकहँडला कोणतं रबर लावाल?

भोसरी एमआयडीसीत रबराचं कुणाला अप्रूप नाही. कंपाऊंड आलं, मोल्डमध्ये भरलं, प्रेस दाबला, क्युअर झालं, कडेचं फ्लॅश काढलं की बुश तयार, ओ-रिंग तयार. कडकपणाचा शोअर आकडा किती आला तेवढं बघायचं आणि माल गाडीत चढवायचा. पण याच भोसरीतला कुणी शिफ्ट संपवून टेबल टेनिस खेळायला जातो, रॅकेटच्या बॅकहँडच्या बाजूचं रबर गुळगुळीत झालंय म्हणून नवं घ्यायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या हातात जो तुकडा पडतो, तो दिवसभर रबर हाताळणाऱ्यालाही थक्क करणारा आहे.

इंजिनाखालच्या माउंटिंगचं काम काय? हादरा गिळणं. रॅकेटवरच्या रबराचं काम बरोबर उलटं: मिळालेला जोर होता होईल तेवढा परत करायचा, तोही लगेच. झाडाचा तोच चीक, तेच गंधक, तसाच ताप. कंपाऊंड बदललं की एक रबर धक्का पचवून बसतं आणि दुसरं तो उसळून परत देतं!

लगेच म्हणजे किती लगेच? चेंडू रबराला टेकून सुटेपर्यंत सेकंदाचा साधारण हजारावा भाग जातो. तेवढ्यात काय काय घडतं पाहा. जेमतेम 2.7 ग्रॅमचा चेंडू वरच्या थरात रुततो. या थराच्या आतल्या अंगाला बारीक खुंट्या असतात, खेळाडू त्यांना पिंपल्स म्हणतात; त्या वाकतात. त्यांच्याखालचा स्पंज दबतो. रॅकेट वरच्या दिशेनं जात असते आणि रबरानं तर चेंडूला पकडून ठेवलेलं असतं, म्हणून वरचा थर आडवाही ताणला जातो. मग सगळं एकदम मोकळं होतं. दबलेला स्पंज चेंडूला पुढे ढकलतो, ताणलेला थर त्याला फिरवतो. कसलेल्या खेळाडूच्या टॉपस्पिनमध्ये चेंडू सेकंदाला शंभरावर गिरक्या घेतो. असा फिरणारा चेंडू मागची हवा वर वळवतो आणि स्वतः खाली दाबला जातो. म्हणूनच आता बाहेर जाणार असं वाटणारा चेंडू टेबलाच्या शेवटच्या वितीत येऊन आपटतो.

आणि हे सगळं घडतं किती जाडीत? वरचं रबर, स्पंज आणि गोंद धरून फक्त 4 मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त चालत नाही. ही मर्यादा आली कुठून? तिची सुरुवात शोधायला फार लांब जावं लागत नाही. ती मुंबईत आहे.

फेब्रुवारी 1952. टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच आशियात भरली, ती मुंबईत. जपानचा संघ या स्पर्धेत प्रथमच उतरला होता आणि त्यात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला खेळाडू होता. तेव्हा बहुतेकांच्या बॅटवर लाकडाला चिकटवलेलं पातळ, बाहेर पिंपल्स असलेलं रबर असे. टक-टक, टक-टक असा खेळ चाले आणि त्या आवाजावरून समोरच्यानं किती जोरात मारलंय हे कानाला कळायचं. सातोच्या बॅटवर मात्र जाड स्पंज होता. आवाजच नाही! चेंडू त्यात क्षणभर बुडायचा आणि भलत्याच वेगानं बाहेर यायचा. डोळ्यांआधी कानावर भरवसा ठेवणाऱ्यांची केवढी तारांबळ उडाली असेल? अमेरिकेचा मार्टी रीझमन त्याच्याकडून हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला. पुरुष एकेरीचं जगज्जेतेपद पहिल्यांदाच आशियाई खेळाडूकडे गेलं. मग वाद पेटला, काही वर्षं चालला. अखेर 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं नियम केला: नुसता स्पंज नको, वर पिंपल्सचं रबर हवंच, आणि दोन्ही मिळून 4 मिलिमीटर. आज दुकानात मिळणारं प्रत्येक रबर मुंबईतल्या त्या स्पर्धेचं देणं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

आता बॅकहँडकडे येऊ. फोरहँड मारताना पाय, कंबर, खांदा असं अख्खं शरीर वळतं. बॅकहँड मात्र छातीसमोर, वीतभर जागेत मारायचा असतो. कोपर बिजागरीसारखं जागच्या जागी राहतं आणि त्यावर पुढचा हात फिरतो. एवढ्याशा झटक्यात कडक स्पंज दबणार कसा? तो दबलाच नाही तर उसळणार काय? म्हणून बरेच जण बॅकहँडला फोरहँडपेक्षा काही अंश मऊ आणि थोडा पातळ, 1.8 ते 2 मिलिमीटरचा स्पंज घेतात. ब्लॉक आवाक्यात राहतो आणि छोट्या फ्लिकलाही रबर साथ देतं. मित्राच्या फोरहँडवर सुंदर चाललेलं महागडं रबर आपल्या बॅकहँडवर मुकं वाटतं, ते बहुधा यामुळेच.

पाकिटावरचे कडकपणाचे अंश वाचताना मात्र जपा. जर्मन स्पंजावरचा 47 आणि चिनी स्पंजावरचा 40 हे आकडे शेजारी ठेवून चिनी मऊ ठरवाल, तर फसाल. बोटाला तो जास्त कडक लागेल. मोजपट्टीच वेगळी आहे. शोअर ए आणि शोअर डी एका मापात न वाचणाऱ्या भोसरीकराला हे वेगळं सांगायला नको. वजनही बघा. कापून लावलेलं रबर 40 ते 50 ग्रॅम भरतं. दोन रबरांत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो आणि तो मुठीपासून दूर, रॅकेटच्या डोक्याशी पडतो, म्हणून मनगटाला लगेच जाणवतो.

पण बॅकहँडचं खरं नवल पुढेच आहे. मनिका बत्रा माहीत आहे ना? 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकणारी, पुढे पुण्यात सन्मय परांजपे यांच्याकडे सराव केलेली. तिच्या बॅकहँडला लाँग पिंपल्स असतात. लांब, लवचीक खुंट्या, त्याही बाहेर तोंड करून. चेंडू आला की त्या लवतात, पण त्याला पकडत नाहीत. समजा समोरून जबरदस्त टॉपस्पिन आला. साधं रबर चेंडूला पकडतं, त्याचं फिरणं थांबवतं आणि नव्यानं फिरवतं. लाँग पिंपल्स यातलं फारसं काही करत नाहीत. चेंडू बराचसा तसाच फिरत राहतो, फक्त आता उलट दिशेनं निघतो. आणि फिरणं तेच ठेवून दिशा उलटली तर काय होईल? टॉपस्पिनचा बॅकस्पिन! समोरच्यानं स्वतःच घातलेली फिरकी उलटी होऊन त्याच्याकडे येते, आणि बेसावध असेल तर चेंडू जाळीत. काही न करण्यातून एवढं घडतं, हे मला कितीही वेळा पाहिलं तरी नवं वाटतं.

हातातल्या हातात रॅकेट उलटवून दोन्ही बाजू आलटून पालटून वापरता येतात. दोन्हींचा रंग एक असेल तर कोणतं रबर लागलं हे समोरच्याला कळणार कसं? म्हणून 1986 पासून एक बाजू लाल, दुसरी काळी. 2021 पासून काळ्याच्या जोडीला लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळाही चालतो.

तुमचं रबर खरंच बदलायला आलंय का? चेंडू बोटांनी रबरावर दाबा आणि ओढा. चांगलं रबर अडून धरतं. थकलेल्या रबरावर, विशेषतः मधल्या फिक्या पट्ट्यात, चेंडू घसरतो. जुनं एका कोपऱ्यातून हळूहळू सोलून काढा, लाकडाचा पापुद्रा निघू देऊ नका. पाण्यातला गोंद लाकडावर आणि स्पंजावर पांढरा पसरतो. तो पूर्ण पारदर्शक झाला की मगच रबर टेकवा आणि कडेनं धारदार पात्यानं एका दमात कापा. सगळ्यात जाड स्पंज घेतला असेल तर गोंदाचे थर मोजकेच द्या. स्पर्धेत रॅकेट तपासणारे पंच जाडी मोजतात, आणि त्यांच्या 4 मिलिमीटरमध्ये तुमचा गोंदही धरलेला असतो.