सूर्यमाळचा गारठा मोजा, आर्डुइनोवर!

इलेक्ट्रॉनिक्स-कॉम्प्युटरवाल्यांचा दिवस ठरलेला: सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री हॉस्टेलवर जर्नल उतरवणं आणि डोक्यावर व्हायवाची टांगती तलवार. मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळसारख्या गावातून शहरात शिकायला आलेल्यांनो, हिवाळ्यात घरी जाताना बॅगेत एवढं टाकाच: आर्डुइनो युनो, ब्रेडबोर्ड, तीन जंपर वायर आणि एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर.

📌 जोडणी: सेन्सरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावा पाय ५ व्होल्टला, मधला ए० ला, उजवा ग्राउंडला. उलटं जोडलंत तर चटका बसेल इतका तापतो!

📌 हिशोब: दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट. पहाटे १२० मिलिव्होल्ट आले, तर १२ अंश.

📌 युक्ती: युनो ५ व्होल्टचे १,०२४ भाग पाडतो, म्हणून आकडा अर्ध्या-अर्ध्या अंशाने उड्या मारतो. कोडमध्ये आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स निवडा, साधारण ०.१ अंशाचाही फरक दिसतो.

लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालतं. दर तासाला नोंद ठेवा, त्याचा ग्राफ काढा. मिनी प्रोजेक्टचा विषय तयार, आणि व्हायवात सांगायला स्वतःच्या गावचे आकडे!