घरांतील रेडॉन : अदमास आणि माप

घर बांधतांना पायाखालीं मुरूम किती हातांवर लागेल, ह्याची चौकशी आपण गवंड्याकडे करतों. परंतु त्याच जमिनींतून एक वायु रात्रंदिवस वर येत असून तो आपल्या श्वासाबरोबर फुप्फुसांत जात असतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं येते. ह्या वायूचें नांव रेडॉन. त्याला ना रंग, ना वास, ना चव. प्रत्येक खडकांत व मातींत युरेनियम अत्यल्प प्रमाणांत असतें. त्याचा क्षय होतां होतां रेडियम उत्पन्न होतें, आणि रेडियमपासून रेडॉन. रेडियमपासून असा वायु निघतो, हें जर्मन शास्त्रज्ञ डॉर्न ह्यांनीं इ. स. १९०० मध्यें दाखवून दिलें. रेडॉनचा कोणताहि सांठा सुमारें ३.८ दिवसांत निम्मा होतो. जमिनीच्या भेगांतून वाट काढीत घरांत शिरण्यास तेवढी मुदत त्याला पुरते.

रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आंत जातो व बहुतांशीं तसाच बाहेर पडतो. खरा घात करतात ते त्याचे वंशज. त्याच्या क्षयानें होणारे पोलोनियमचे कण धुळीला चिकटतात, श्वासनलिकांत बसतात आणि तेथें आल्फा किरण सोडतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचें धूम्रपानाखालोखाल महत्त्वाचें कारण म्हणून आज रेडॉनचें नांव घेतलें जातें. विडी-सिगारेट ओढणारास हा धोका न ओढणाऱ्यापेक्षां सुमारें २५ पट अधिक असतो.

हवेच्या एका घनमीटरांत दर सेकंदास एक परमाणु फुटला, म्हणजे एक बेकेरेल झाला. जगांतील घरांची सरासरी सुमारें ४० बेकेरेल आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं १०० ही मर्यादा सुचविली. जेथें ती पाळणें शक्य नाहीं, तेथेंहि ३०० च्या पलीकडे जाऊं नये, असें सांगितलें. दीर्घकाळच्या सरासरींत १०० बेकेरेलांची भर पडली, कीं फुप्फुसाच्या कर्करोगाचा संभव सुमारें १६ टक्क्यांनीं वाढतो.

आतां प्रश्न असा, कीं न मोजतां हें प्रमाण आधीं वर्तवितां येईल काय? कांहीं अंशीं येईल. पहिला विचार खडकाचा. आमचें कारंजा (घाडगे) हें गांव नागपूर-अमरावती रस्त्यावर, दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेलें आहे. ह्या बेसाल्टांत युरेनियम दर दहा लक्ष भागांत बहुधा एका भागाहूनहि कमी. ग्रॅनाइटांत तें सरासरीनें चार भागांच्या आसपास. नागपूरच्या पूर्वेस, भंडाऱ्याकडे, ग्रॅनाइट व नाइस जातीचे पुरातन खडक उघडे पडतात. तेव्हां केवळ खडक पाहूनच बोलावयाचें, तर कारंजाच्या वांट्याला रेडॉन कमी येणार, असा अदमास वावगा ठरणार नाहीं.

परंतु खडकावर माती असते आणि मातीवर घर. आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगून मिटते व उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगांनीं उकलते. वायूची वाट त्याप्रमाणें बंद होते किंवा मोकळी होते. घराची तळजमीन फरसबंद आहे कीं तडकलेली, मोऱ्यांचे व नळांचे सांधे बुजविलेले आहेत कीं नाहींत, ह्यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. थंडीच्या रात्रीं दारेंखिडक्या लावून आपण निजतों, तेव्हां पहांटेपर्यंत वायु सांचत जातो. दुपारीं वारा खेळला कीं तो पांगतो. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांत जमिनींतला रेडॉन सहसा कमीच पोंचतो. ग्रॅनाइटच्या ओट्याची धास्ती पुष्कळांना वाटते; परंतु जमिनींतून येणाऱ्या वायूच्या मानानें त्याचा वांटा बहुधा अगदीं थोडा असतो.

अशा गोष्टींची बेरीज मांडून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें १९९३ सालीं देशाचा रेडॉन-नकाशा तयार केला व जिल्ह्यांचे तीन वर्ग पाडले. पण एखादें घर तपासावें कीं नाहीं, हें ह्या नकाशावरून ठरवूं नये, असें त्याच संस्थेनें बजावलें; कारण तिन्ही वर्गांत अधिक प्रमाणाचीं घरें सांपडलीं आहेत. १९८४ सालीं पेन्सिल्व्हेनियांत, अद्याप चालू न झालेल्या एका अणुवीजकेंद्रांत कामास जाणाऱ्या अभियंत्यानें तेथील किरणसूचक घंटा वाजविली. शोध घेतां कळलें, कीं किरणोत्सर्ग केंद्रांतला नसून त्याच्या घरांतला होता. तेथें प्रमाण जवळजवळ १ लाख बेकेरेल होतें.

ह्याचा अर्थ एवढाच, कीं पावसाचें भाकीत जसें तालुक्यापुरतें असतें व आपल्या बांधावर किती पडला हें पर्जन्यमापकच सांगतो, तसेंच येथें आहे. नकाशा प्रदेशाविषयीं बोलतो; घराविषयीं बोलण्यास मापच हवें. आपल्या देशांत त्याकरितां एलआर-११५ नांवाची पातळ फिल्म लहानशा डबींत बसवून सुमारें तीन महिने खोलींत टांगण्याची पद्धति रूढ आहे. आल्फा कणांचे तिच्यावर उमटलेले ओरखडे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानें ठळक करून मोजतात. एका रात्रीच्या मापावर मात्र विसंबूं नये. ऋतूगणिक प्रमाण बदलतें, म्हणून लांब मुदतीचेंच माप ग्राह्य.

तोंवर करावयाचे उपाय खर्चाचे नाहींत. तळमजल्याच्या फरशीच्या भेगा व नळांभोंवतालच्या फटी सिमेंटानें बुजवाव्या. सकाळीं उठल्याबरोबर समोरासमोरचीं दारेंखिडक्या उघडाव्या, म्हणजे रात्रभर सांचलेली हवा निघून जाईल. वातानुकूलित यंत्रासाठीं जीं बिऱ्हाडें दिवसभर बंद असतात, त्यांनीं ह्याकडे विशेष लक्ष पुरवावें. आणि घरांत कोणी विडी ओढीत असेल, तर तिला प्रथम रजा द्यावी. त्या एका गोष्टीनें रेडॉनचाहि धोका सर्वांत अधिक उतरतो.