राबायचं एकानं, मिरवायचं दुसऱ्यानं!

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यासारख्या गावात नोकरीची ठिकाणं मोजकीच असतात: शाळा, दवाखाना, पतसंस्था, दुकानं. साहेब, सहकारी आणि शेजारी संध्याकाळी बाजारात पुन्हा समोर येतात. साहेबांच्या मर्जीतला कोण आणि नुसता राबणारा कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. त्यामुळे कामावरचा दुजाभाव कामावरच राहत नाही. तो घरी येतो, जेवताना आठवतो आणि रात्री झोप उडवतो.

'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' असं म्हणून आपण तो सोसतो. पण शरीर तो सोसतं का?

काकडी आणि द्राक्ष

सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये कॅपुचिन जातीच्या माकडांवर एक प्रयोग केला. माकडाने हातातला खडा परत दिला की त्याला काकडीचा तुकडा मिळे. माकडं खूश होती. मग शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी गोड द्राक्ष मिळू लागलं. ते पाहून अनेक माकडांनी काकडी नाकारली. त्यांच्या मनात नेमकं काय चाललं होतं, यावर पुढे वाद झाले. माणसाच्या बाबतीत मात्र कमी मिळाल्यापेक्षा दुसऱ्याहून कमी मिळाल्याचं दुःख अनेकदा मोठं असतं.

हृदयावरचा भार

समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं की कष्ट जास्त आणि मोबदला कमी, ही स्थिती दीर्घकाळ राहिली तर आजार बळावतात. मोबदला म्हणजे केवळ पगार नव्हे. मान, बढती आणि नोकरीची शाश्वतीही त्यात आली. २०१७ मध्ये युरोपातल्या सुमारे ९० हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असा असमतोल सोसणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळलं.

सततच्या ताणात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वारंवार वाढतात. रक्तदाब चढतो, झोप तुटते, पित्त वाढतं. त्यात तंबाखू किंवा दारूचा आधार घेतला की धोका आणखी वाढतो.

नुसतं कौतुक पुरत नाही

आपल्याकडचं ठळक उदाहरण आशाताईंचं. २००५ पासून त्या गावोगाव बाळंतपण, लसीकरण सांभाळतात. पण कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका'. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. तरीही मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३-२४ मध्ये संप करावा लागला. त्यानंतर राज्याने दरमहा ५ हजार रुपयांची वाढ मंजूर केली. दोन गोष्टी यातून शिकाव्यात: टाळ्या म्हणजे मोबदला नव्हे, आणि एकट्याचं गाऱ्हाणं चौघांनी मिळून मांडलं की ते ऐकलं जातं.

काय करता येईल?

• आधी तपासा. समोरच्याला खरंच वशिल्याने मिळालं, की त्याचं काम आपल्या नजरेत आलं नाही?

• वही ठेवा. केलेलं काम तारखेनिशी लिहा. बोलताना आठवणीपेक्षा नोंद कामी येते.

• साहेबांशी एकट्यात बोला. 'तुम्ही त्याचेच लाड करता' असं म्हणू नका. 'पुढच्या वेळी ही जबाबदारी मला मिळावी म्हणून काय करू?' असं विचारा. उत्तरातून हेतू कळतो.

• चहाच्या टपरीवर रोज तेच उगाळू नका. मन हलकं होण्याऐवजी जखम ताजी राहते.

• आपली किंमत एकाच माणसाच्या हाती देऊ नका. शेत, भजनी मंडळ, मुलांचा अभ्यास, मैदान, कुठेतरी आपल्या असण्याला मोल असतंच.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा उत्साह हरवला असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

साहेबांसाठीही एक शब्द. निर्णय मनाविरुद्ध गेला तरी माणसं तो स्वीकारतात, पण तो कोणत्या निकषावर झाला हे त्यांना कळायला हवं. बढतीचा, रजेचा, जादा कामाचा नियम भिंतीवर लावा. त्याला खर्च येत नाही, आणि कितीतरी जणांची झोप परत येते.