स्वयंचलित इन्सुलिन वितरण प्रणाली

स्वयंचलित इन्सुलिन वितरण प्रणाली ही शरीरातील साखरेचे सतत मापन करून त्यानुसार इन्सुलिनची मात्रा आपोआप कमी-अधिक करणारी उपकरणांची जोडणी होय. ती मुख्यतः टाइप १ मधुमेहात वापरली जाते. ‘कृत्रिम स्वादुपिंड’ असेही तिला म्हटले जाते. मात्र हे नाव काहीसे फसवे आहे. सध्याच्या बहुतेक प्रणालींत जेवणाची मात्रा वापरणाऱ्यालाच सांगावी लागते. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत या तंत्राचे यशापयश बरेचसे याच मुद्द्यावर ठरते.

कार्यपद्धती

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. प्रणालीचे तीन भाग असतात. त्वचेखाली बसवलेला सेन्सर सामान्यतः दर पाच मिनिटांनी साखरेचे मापन पाठवतो. आज्ञावली पुढील काही वेळात साखर कोठे जाईल याचा अंदाज बांधते. आणि पंप बारीक नळीवाटे त्वचेखाली इन्सुलिन सोडतो. साखर उतरू लागली की पुरवठा कमी होतो किंवा थांबतो, चढू लागली की वाढतो.

खरी अडचण वेगाची आहे. त्वचेखाली दिलेल्या जलद इन्सुलिनचा परिणाम सुरू होण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि तो शिखरावर पोहोचण्यास तासाहून अधिक वेळ जातो. सेन्सरही रक्त नव्हे, तर पेशींमधील द्रव मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. पाव-मिसळ खाल्ल्यानंतर साखर चढलेली पाहून यंत्र कामाला लागले, तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पानावर बसण्यापूर्वी कर्बोदकांचा अंदाज यंत्राला द्यावा लागतो. रात्री खाणे नसते. तेथे यंत्र सर्वांत चांगले चालते आणि मध्यरात्री उठून मुलाची साखर तपासणाऱ्या आईवडिलांना त्याचा मोठा आधार होतो.

किशोरवयातील वापर

पौगंडावस्थेत वाढीच्या व लैंगिक संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो. गरज वाढते, पहाटे साखर चढते, आणि एका दिवसाचे प्रमाण दुसऱ्या दिवशी लागू पडेलच असे नसते. त्यातच शिकवणी, खेळ, अवेळी खाणे आणि मित्रांसमोर सुई टोचण्याचा संकोच यांमुळे मात्रा चुकतात. यंत्र अशा चुकीची काही अंशी भरपाई करते, पूर्ण नव्हे.

अमेरिकेत १४ ते ७१ वर्षे वयाच्या १६८ जणांवर सहा महिने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साखर ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेत राहण्याचा काळ प्रणाली वापरणाऱ्यांत ६१ वरून ७१ टक्क्यांवर गेला. म्हणजे दिवसाला सुमारे अडीच तासांची भर पडली. तुलना गटात तो ५९ टक्केच राहिला.

पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नसते. नळी दुमडली किंवा निघाली, तर काही तासांतच कीटोआम्लता ही प्राणघातक अवस्था ओढवू शकते. त्यामुळे पेन किंवा सिरिंज सोबत ठेवणे अनिवार्य मानले जाते.

इतिहास

इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला देण्यात आले. १९७० च्या दशकातील ‘बायोस्टेटर’ हे यंत्र रुग्णाच्या खाटेशेजारीच चालत असे. अमेरिकी औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ‘मिनिमेड ६७०जी’ला १४ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. तत्पूर्वी, कंपन्यांची वाट न पाहता डाना लुईस व इतर रुग्णांनी २०१५ मध्ये ‘ओपनएपीएस’ ही मुक्त आज्ञावली खुली केली होती. पुढील पिढीतील ‘मिनिमेड ७८०जी’ भारतातही उपलब्ध आहे.

नाशिक व महाराष्ट्रातील स्थिती

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात २० वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलांना टाइप १ मधुमेह आहे. ही संख्या जगात सर्वाधिक आहे. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत अशा मुलांच्या वाढीचा व हाडांचा अभ्यास होतो, तर छत्रपती संभाजीनगर येथील ‘उडान’ ही संस्था त्यांच्यासाठी काम करते. प्रणालीची किंमत काही लाख रुपये असून सेन्सर, नळ्या व इन्सुलिनचा खर्च दरमहा वेगळा येतो. त्यामुळे सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील कुटुंबासाठी हा पर्याय आज जवळजवळ नाहीच. तेथे इन्सुलिन थंड ठेवणे हाच आधीचा प्रश्न असतो. फ्रिज नसलेल्या घरांत मातीच्या मडक्याचा उपयोग केला जातो. पंपातील इन्सुलिनही सुमारे ३७ अंश सेल्सिअसपुढे निकामी होऊ लागते, आणि मालेगावचा उन्हाळा त्याहून कडक असतो.

आहाराची मोजणीही स्थानिक असावी लागते. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात; नागलीची भाकरी, साबुदाण्याची खिचडी किंवा पुरणपोळी यांचे प्रमाण घरच्या वाटीने व तव्याच्या आकाराने ठरवावे लागते. साखर उतरल्यास प्रणाली वापरणाऱ्यांना नेहमीच्या १५ ग्रॅमपेक्षा बहुधा कमी साखर पुरते, कारण यंत्राने पुरवठा आधीच कमी केलेला असतो.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी नेण्याची मुभा दिली. मोबाइलवर मात्र तेथे बंदी असते. त्यामुळे ज्यांचे मापन केवळ मोबाइलवर दिसते, त्यांना शाळेशी आधीच बोलून ठेवावे लागते.