अफूच्या चिकाची दुहेरी निवडणी

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू उज्जैनच्या बाजारपेठेतून मुंबईस आणि तेथून गलबतांतून चीनला जात असे. तो व्यापार केव्हाच संपला. आता रतलाम, मंदसौर, नीमच या भागांत सरकारी परवान्यानेच अफूची लागवड होते आणि नीमच येथे चिकावर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा पाडल्यावर पाझरणारा हा चीक एकजिनसी दिसतो. परंतु त्यात अल्कलॉइड वर्गातील कितीतरी द्रव्ये एकत्र नांदत असतात. मॉर्फिन कर्करोग्याच्या असह्य वेदना शमविते, कोडीन खोकला आवरते, तर पॅपॅव्हरीन आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. यांपैकी कोणते द्रव्य किती आहे, हे नेमके कळल्यावाचून औषधाची मात्रा ठरत नाही. शेतकऱ्याचा परवानाही चिकातील मॉर्फिनच्या प्रमाणाशी निगडित झाला आहे. तेव्हा ही निवडणी अचूक होणे रोग्याच्या आणि शेतकऱ्याच्या, दोघांच्याही हिताचे आहे.

ही निवडणी ज्या रीतीने होते तिला वर्णलेखन म्हणतात. बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून मिश्रणाचा द्राव वाहू दिला, म्हणजे भुकटीला अधिक चिकटणारे द्रव्य मागे रेंगाळते आणि कमी चिकटणारे आधी बाहेर पडते. परंतु मॉर्फिन व कोडीन यांच्यासारखी अनेक द्रव्ये सख्ख्या बहिणींप्रमाणे सारखी असतात. त्यांत अल्प प्रमाणातील अनोळखी द्रव्यांची भर पडली की, एकाच नळीतून दोन-तीन द्रव्ये बरोबरच बाहेर येतात आणि एकच असल्याचा भास होतो.

यावर उपाय कोणता? घरोघरी धान्य निवडताना तो नित्य योजिला जातो. गव्हाएवढाच पोचट दाणा चाळणीत गव्हाबरोबरच राहतो. सुपात पाखडला म्हणजे हलकेपणामुळे बाहेर पडतो. चाळणी आकार पाहते, सूप वजन पाहते. त्याच छिद्रांची दुसरी चाळणी घेतली असती, तर श्रम मात्र वाया गेले असते. इंग्लंडमध्ये १९४४ साली कॉन्स्डेन, गॉर्डन व मार्टिन यांनी हेच तत्त्व कागदावर योजिले. एका द्रावाने द्रव्ये एका दिशेने पसरविल्यावर त्यांनी कागद काटकोनात फिरविला आणि दुसऱ्या द्रावाने ती आडवी पसरविली. मार्टिन यांना सिंज यांच्यासमवेत वर्णलेखनातील कार्याबद्दल १९५२ चे नोबेल पारितोषिक लाभले.

आज कागदाच्या जागी दोन नळ्या आल्या आहेत. एका नळीत ५० आणि दुसरीत २० द्रव्ये सुटी होऊ शकत असतील, तर दोन्ही मिळून १,००० जागा होतात. पण हा हिशोब दोन्ही नळ्यांची कसोटी अगदी भिन्न असेल तरच खरा. म्हणून एका नळीत द्रव्यांचा विद्युद्भार पाहणारी आणि दुसरीत त्यांचा तेलकटपणा पाहणारी भुकटी घेणे श्रेयस्कर ठरते.

दुसरा नियम वेळेचा. पहिल्या नळीतून एक द्रव्य बाहेर पडण्यास २ मिनिटे लागत असतील, तर त्या अवधीत निदान ३-४ वेळा नमुना उचलावा लागतो. एरवी पहिल्या नळीने वेगळे केलेले पुन्हा एकत्र होते. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला नवा नमुना येणार, आणि तेवढ्यातच दुसऱ्या नळीने आपले काम उरकले पाहिजे. यासाठी पहिली नळी संथ, तर दुसरी आखूड व वेगवान ठेवतात. तिसरी अडचण द्रावाची. पहिल्या नळीतला द्राव दुसरीला प्रतिकूल असल्यास द्रव्ये तिच्या तोंडाशीच फिसकटतात. म्हणून नमुना आधी सौम्य करून घ्यावा लागतो.

इतका खटाटोप सदैव करावा असे मात्र नाही. केवळ मॉर्फिनचे प्रमाण हवे असेल तर एक नळी पुरते. एखादीच जोडी सुटत नसेल तर तेवढाच भाग दुसऱ्या नळीत धाडावा. सबंध चिकाचा, त्यातील भेसळीसह, छडा लावायचा असेल तेव्हाच ही दुहेरी निवडणी तिच्या कष्टांचे मोल फेडते. काय शोधायचे हे आधी ठरवावे आणि नळ्या मागाहून निवडाव्यात, हाच या विद्येतील पहिला धडा होय.