माळ्यावरचा इतिहास

गेटसभेत बोलणाऱ्या माणसाने इतिहासावर बोलावे, हे काहींना खटकेल. पदवी माझ्यापाशी नाही; जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, जुन्या फायली चाळताना. परंतु आजच्या विषयात पदवी नसलेल्यालाही वाटा आहे.

विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, लोकांसाठी आणि लोकांना बरोबर घेऊन केलेल्या इतिहासाच्या कामाला सार्वजनिक इतिहास म्हणतात. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे रॉबर्ट केली यांनी १९७६ साली त्याचे रीतसर शिक्षण सुरू केले. काम मात्र त्याहून जुने. संग्रहालय, स्मारक, चौकाचे नाव, म्हाताऱ्यांच्या आठवणी, सारे त्यात येते.

लांब कशाला? याच मनोरीत ईस्ट इंडियन समाजाने आपले संग्रहालय मांडले आहे. लुगडी, भांडी, अवजारे! कोणी म्हणेल, ही तर आमच्या माळ्यावरची अडगळ. खरेच आहे. पण या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली घेतले, ते गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला कळावे म्हणून. घरातली बोली मराठीचीच राहिली. नुसत्या नावावरून इतिहास काढू पाहणारा फसेल. लुगडे पाहणारा फसणार नाही.

आता गिरणगाव घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास टिपला. ते पुस्तक २००४ साली निघाले.

आठवणीवर डोळे मिटून विसंबू नये, हेही सांगतो. एकाच टाळेबंदीच्या तीन कामगारांनी मला तीन तारखा सांगितल्या. पगाराच्या चिठ्ठीने वाद मिटला. पण त्या महिन्यात घरातले काय गहाण पडले, हे चिठ्ठीत नव्हते. ते एकाच्या बायकोने सांगितले. दोन्ही लागतात.

आणि हा हौसेचा मामला नव्हे. गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला. ज्याने तिकीट नंबरचा कागद ट्रंकेत जपला, तो रांगेत उभा राहिला. माझ्या ओळखीच्या एका कारखान्याची हजेरीपुस्तके तर रद्दीच्या भावाने गेली. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो निघून गेला होता.

तेव्हा घरी गेल्यावर माळा उघडा. जुने कार्ड, चिठ्ठी, फोटो सापडला, तर मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. आजीला विचारून लिहा. ती आहे तोवर.